वाचकांचे प्रश्न : दुखतं तेव्हा शरीरात काय चालतं?

दुखण्याबद्दलची पत्रं या वेळी इतकी आली, की सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. औषधांच्या मात्रा एरवी निरोगी असलेल्या प्रौढांसाठीच आहेत. मुलं, गरोदर स्त्रिया आणि यकृत किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

प्रश्न : पायाची करंगळी पलंगाला आपटली की आधी एक सणसणीत कळ येते, मग क्षणभर शांतता आणि त्यानंतर खरा ठणका सुरू होतो. मधला क्षण कसला?

उत्तर : दोन संदेश वेगवेगळ्या वेगाने निघतात, म्हणून ही फट पडते. त्वचा, स्नायू, सांध्यांची आवरणं, हाडांवरचा पातळ पापुद्रा अशा सगळीकडे मज्जातंतूंची उघडी टोकं पसरलेली असतात. दाब, उष्णता किंवा रसायन धोक्याच्या पातळीला पोचलं की ती संदेश सोडतात. त्यांतल्या ए-डेल्टा तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त द्रव्याचं पातळ वेष्टन असतं आणि त्यांतून संदेश सेकंदाला ५ ते ३० मीटर धावतो. सी तंतूंना वेष्टनच नसतं. त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर.

करंगळीपासून मज्जारज्जूपर्यंतचं अंतर मोठ्या माणसात साधारण एक मीटर धरा. ए-डेल्टा तंतू ते सेकंदाच्या विसाव्या भागात कापू शकतात. ती तुमची सणसणीत, अचूक जागेवरची कळ. सी तंतूंना तेवढ्याच अंतराला सेकंदभर लागतो आणि ते घेऊन येतात तो पसरट, जळजळता ठणका. दाताखाली जीभ सापडते तेव्हा अशी फट जाणवत नाही, कारण तिथून मेंदू हाकेच्या अंतरावर असतो.

पाय मागे ओढला जातो तो मेंदूची वाट न पाहता. तो हुकूम मज्जारज्जूच देतो, मेंदूला नंतर कळतं. पुढे हे संदेश मज्जारज्जूतच विरुद्ध बाजूला जातात आणि मेंदूतल्या थॅलॅमस या केंद्रातून पुढे मेंदूच्या इतर भागांत पोचतात. तिथे त्यांना एकच ठरावीक मुक्काम नसतो. कुठे आणि किती हे एका भागात ठरतं, ते किती नकोसं वाटतंय हे दुसऱ्याच भागांत. इन्सुला या भागाला इजा झालेले काही रुग्ण 'दुखतंय' असं सांगतात, जागाही बरोबर दाखवतात, पण त्यांना त्या दुखण्याचं काहीच वाटत नाही.

प्रश्न : लागलेल्या जागी चोळलं की बरं का वाटतं? की ती नुसती समजूत?

उत्तर : समजूत नाही. स्पर्श आणि दाब नेणारे तंतू जाड असतात, त्यांचा वेग सेकंदाला ३५ ते ७५ मीटर. चोळलं की त्यांचे संदेश मज्जारज्जूच्या मागच्या भागात शिरतात आणि तिथल्या छोट्या पेशींमार्फत वेदनेच्या संदेशाला पुढे जायला अडकाठी करतात. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये हे 'फाटक' मांडलं. बारकाव्यांत नंतर बरीच दुरुस्ती झाली, पण मूळ कल्पना टिकली. फिजिओथेरपीतलं, त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह सोडणारं टेन्स यंत्र याच तत्त्वावर चालतं. पट्ट्या दुखऱ्या जागेच्या दोन बाजूंना लावायच्या, सेकंदाला ८० ते १०० स्पंदनं, आणि प्रवाह मुंग्या याव्यात इतपतच, बोचेल इतका नाही. आराम मुख्यतः यंत्र चालू असेपर्यंतच मिळतो, हे विकणारे सांगत नाहीत. पेसमेकर असेल तर ते वापरू नका, आणि मानेच्या पुढच्या बाजूला कुणीच लावू नये.

चोळू नये अशाही जागा आहेत. हाड मोडल्याची शंका, भाजलेली त्वचा आणि एकाच पायाची सुजलेली, गरम लागणारी पोटरी. या पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते.

प्रश्न : उन्हाने त्वचा भाजली असताना कोमट पाणीसुद्धा चटका देतं. पाणी तर तेच असतं.

उत्तर : पाणी तेच, पण त्वचेतला उंबरठा खाली आलेला असतो. वेदना-तंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. एरवी ते सुमारे ४३ अंश सेल्सियसला उघडतं आणि 'भाजतंय' असा संदेश निघतो. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याच प्रथिनाला चिकटतं, म्हणून मिरचीने तोंड भाजल्यासारखं वाटतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये ते ओळखलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पाटापूटियन यांच्याबरोबर मिळालं. त्वचेला इजा झाली की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन अशी रसायनं सोडतात आणि त्यांच्या प्रभावाखाली हे प्रथिन शरीराच्या तपमानालाच उघडू लागतं. मग ३८ अंशांचं पाणी चटका देणारच. लचकलेला घोटा नुसता टेकवला तरी कळ येते ती बरीचशी याच संवेदनशीलतेमुळे. भरून येणाऱ्या जागेला आपण धक्का लावू नये यासाठीची ही सोय आहे, फक्त काम झाल्यावर ती बंद व्हायला हवी. दर वेळी होत नाही; त्याबद्दल पुढच्या एका प्रश्नात.

प्रश्न : दाढेला पू झाला होता. दंतवैद्यांनी दोन इंजेक्शनं देऊनही दुखत होतं. शिवाय जिथे बधिर झालं होतं तिथेही दाबल्याचं, ओढल्याचं कळत होतं. भूल नीट दिली नव्हती का?

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींत दंतवैद्यांचा दोष असेलच असं नाही.

आधी दाब कळण्याचं. लिग्नोकेन हे भुलीचं औषध मज्जातंतूंवरचे, संदेश पुढे नेणारे सोडियमचे मार्ग बंद करतं. बारीक तंतू आधी बंद पडतात, जाड तंतू शेवटी, तेही कधीकधी अर्धवटच. म्हणून वेदना जाते, पण दाब आणि ओढ जाणवत राहते. दाढ काढताना हे अपेक्षितच असतं. 'दाब जाणवेल, टोचणं किंवा कळ जाणवली तर हात वर करा,' एवढं आधी सांगितलं तर रुग्णाची निम्मी धास्ती जाते आणि धास्ती गेली की दुखणंही कमी होतं.

आता पू. लिग्नोकेनचे रेणू दोन रूपांत असतात, विद्युतभारित आणि भाररहित. तंतूचं आवरण फक्त भाररहित रेणूच ओलांडू शकतात. निरोगी ऊतीचा सामू (पीएच) ७.४ असतो. तिथे सुमारे पाव हिस्सा औषध भाररहित असतं आणि तेवढं पुरतं. पू झालेल्या जागी आम्लता वाढते. सामू ६ पर्यंत उतरला तर हे प्रमाण शेकडा एक-दोनवर येतं. म्हणजे औषध टोचलेलं असतं, पण दाराबाहेरच उभं. त्यातून तिथले तंतू आधीच चवताळलेले, त्यांना गप्प करायला जास्त औषध लागतं. सूज आलेल्या जागी रक्त जास्त खेळतं, तेही औषध लवकर वाहून नेतं.

उपाय म्हणजे पुवाच्या जागेपासून दूर, मूळ नस जिथे हाडात शिरते तिथे इंजेक्शन देणं. खालच्या दाढांसाठी ते जबड्याच्या मागच्या बाजूला देतात. ओठाचा त्या बाजूचा अर्धा भाग पूर्ण बधिर झाला की ते लागू पडलं असं समजतात. त्याला निदान तीन ते पाच मिनिटं द्यावी लागतात आणि घाई झाली तर इथेच फसतं. कधी आधी पू काढून टाकून, गरज असेल तर प्रतिजैविकं देऊन काही दिवसांनी दाढ काढणंच शहाणपणाचं ठरतं. घरी गेल्यावर ओठ तीन ते पाच तास बधिर राहतो. तोवर काही चावून खाऊ नका. मुलं तर बधिर ओठ गंमत म्हणून चावतात आणि सकाळी तो सुजलेला असतो.

प्रश्न : गोळीला कसं कळतं कुठे दुखतंय ते?

उत्तर : कळत नाही. ती रक्ताबरोबर सगळीकडे जाते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार करणाऱ्या विकराला अडवतात. हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. जिथे इजा आहे तिथे प्रोस्टाग्लँडिन जास्त असतं, म्हणून परिणाम तिथे जाणवतो. पण जठराचं अस्तर सांभाळणं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणं हेसुद्धा प्रोस्टाग्लँडिनच करतं. त्यामुळे पोटात व्रण, रक्तस्राव, मूत्रपिंडावर ताण हे या गोळ्यांचे दुष्परिणाम त्यांच्या कामातूनच येतात. जेवणानंतर घेतली की पोटात जळजळ कमी होते, व्रणाचा धोका मात्र जात नाही. तो गोळी रक्तात गेल्यावरही असतोच.

डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय आयबुप्रोफेन घ्यायची तर २०० ते ४०० मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा ते आठ तास, दिवसात १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक एकत्र घेण्यात काही अर्थ नाही. आराम तेवढाच, धोका दुप्पट. डेंग्यूची शंका असेल तर आणि गरोदरपणाच्या २० व्या आठवड्यानंतर या गटातली गोळी आपल्या मनाने मुळीच घेऊ नये.

पॅरासिटामॉलचं काम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत चालतं. सूज ती फारशी उतरवत नाही, पण पोटाला सोसते. एका वेळी ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, २४ तासांत ४ ग्रॅम ही शेवटची हद्द. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा रोज दारू घेत असाल तर हद्द याहून बरीच खाली. खरी चूक वेगळीच होते. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉल आणि वर तापासाठी निराळी पॅरासिटामॉल. पाकिटामागचा घटकांचा बारीक मजकूर वाचा. जास्त झालेल्या मात्रेतून यकृतात विषारी पदार्थ साठतो आणि पहिला दिवस रुग्ण ठीकठाक दिसतो. म्हणून मात्रा ओलांडल्याचं लक्षात आलं तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात जा. उतारा पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो.

आणि डोकेदुखीवर महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस साध्या गोळ्या तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं.

प्रश्न : पित्ताशयात खडे होते आणि दुखत होता उजवा खांदा. असं कसं?

उत्तर : आतल्या अवयवांना स्वतःची वेगळी तार फारशी नसते. त्यांचे संदेश मज्जारज्जूत त्याच पेशींवर येऊन पडतात जिथे त्वचेचे आणि स्नायूंचे येतात. मेंदूला बाहेरून आलेल्या संदेशांची सवय असते, म्हणून तो दोष बाहेरच्या जागेला देतो. सुजलेलं पित्ताशय श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला, त्रास देतं. श्वासपटलाची नस मानेतून निघते आणि खांद्याच्या त्वचेचे संदेशही मानेच्या त्याच भागात पोचतात. हृदयाचं दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात, मूतखड्याचं जांघेत, अपेंडिक्सचं आधी बेंबीपाशी असं याच कारणाने. अपेंडिक्सची सूज पोटाच्या आतल्या पडद्याला लागली की मग दुखणं उजवीकडे खाली सरकतं आणि एका बोटाने दाखवता येतं.

एक साधी पारख : खांदा फिरवून, दाबून दुखणं वाढत-कमी होत नसेल, तर मूळ खांद्याबाहेर शोधावं. ही पारख छातीच्या दुखण्याला लावत बसू नका. छातीत आवळल्यासारखं, सोबत घाम, धाप, मळमळ, आणि विश्रांती घेऊनही १५ मिनिटांत न ओसरणारं असेल, तर आम्लपित्ताची गोळी घेऊन वाट पाहणं हा सर्वांत महागात पडणारा प्रयोग आहे. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत न दुखता नुसती धाप किंवा विलक्षण थकवा एवढंच असू शकतं.

प्रश्न : मेंदूला वेदना होत नाहीत म्हणतात. मग डोकं कशाने दुखतं?

उत्तर : मेंदूच्या ऊतीत वेदना ओळखणारी टोकं नाहीत, हे खरं. म्हणूनच काही शस्त्रक्रियांत रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत मेंदूवर काम करता येतं. दुखतात ती मेंदूभोवतीची आवरणं, त्यांतल्या रक्तवाहिन्या, कवटीबाहेरचे आणि मानेचे स्नायू.

प्रश्न : आठ महिने कंबर दुखते आहे. एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' आला. एक डॉक्टर म्हणतात काही विशेष नाही, दुसऱ्यांनी नैराश्यावरची गोळी दिली. म्हणजे हे सगळं माझ्या मनात आहे का?

उत्तर : नाही. तुमचं दुखणं खरं आहे आणि 'काही विशेष नाही' हेही बहुधा खरं आहे. काहीही न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तर विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८० टक्क्यांहून अधिक लोकांत दोन मणक्यांमधल्या चकतीला असा फुगवटा सापडतो. अहवालातला शब्द आणि तुमची कळ यांचं नातं असेलच असं नाही. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप, कारण नसताना घटलेलं वजन किंवा पूर्वी झालेला कर्करोग असेल तर लवकर तपासणी हवी.

तीन महिन्यांपुढे टिकलेल्या दुखण्यात बरेचदा मूळ इजा भरलेली असते, पण मज्जारज्जूतल्या पेशी चिडलेल्याच राहतात. सतत संदेश येत राहिले की त्या थोड्या संदेशालाही मोठं उत्तर देऊ लागतात आणि नुसत्या स्पर्शाचे संदेशही वेदना म्हणून वर पाठवतात. उलट दिशेनेही वाहतूक असते. मेंदूच्या बुंध्यातून खाली येणारे तंतू मज्जारज्जूतला संदेश दाबू शकतात किंवा वाढवू शकतात. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या डॉक्टरने पाहिलं, की गंभीर जखमी झालेले बरेच सैनिक शुद्धीवर असूनही वेदनाशामक नको म्हणत होते. आघाडीवरून सुटका झाली हा त्यांच्यासाठी जखमेपेक्षा मोठा विषय होता. १९७८ मध्ये दात काढलेल्या रुग्णांवरच्या प्रयोगात दिसलं, की औषध नसलेल्या द्रवानेही काहींचं दुखणं कमी होतं आणि नॅलॉक्सोन दिलं की तो आराम जातो. नॅलॉक्सोन अफूवर्गातल्या द्रव्यांचा परिणाम अडवतं. म्हणजे तो आराम शरीरातल्याच एंडॉर्फिनसारख्या द्रव्यांचा होता. अपुरी झोप, काळजी, 'कंबर मोडेल' ही भीती हे याच मार्गाने दुखणं वाढवतात. याला मनाचे खेळ म्हणणं हे अज्ञान आहे.

तुमच्या गोळीचंही तेच. ॲमिट्रिप्टिलिन (तुम्हाला दिलेली गोळी बहुधा हीच) रात्री १० मिलिग्रॅमने सुरू करतात, नैराश्यासाठी लागते त्यापेक्षा ही मात्रा कितीतरी कमी. ती खाली येणारे तंतू बळकट करते आणि सहसा झोपही सुधारते. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी जड वाटतं. चार दिवसांत गुण नाही म्हणून सोडू नका आणि बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंदही करू नका.

आता हालचाल. चार-पाच दिवस घड्याळ लावून पाहा, किती मिनिटं चालल्यावर दुखणं चढतं. सरासरी १० मिनिटं आली तर ८ मिनिटांपासून सुरुवात करा, रोज, बरं वाटो वा न वाटो. दर आठवड्याला साधारण दहावा हिस्सा वाढवा. सगळे घसरतात ते चांगल्या दिवशी. आज बरं आहे म्हणून सगळी तुंबलेली कामं उरकतात आणि पुढचे तीन दिवस पडून काढतात. दुखणं उसळलं तर एक-दोन दिवस अर्ध्यावर या, शून्यावर नाही. उसळलं म्हणजे नवीन काही मोडलं असं समजू नका.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. तळपायाला मोठी जखम झाली तरी त्यांना पत्ताच नव्हता, आणि रात्री मात्र तेच पाय जळतात म्हणतात. दोन्ही कसं शक्य आहे?

उत्तर : मधुमेहात सर्वांत लांब तंतू आधी बिघडतात, म्हणून सुरुवात बोटांपासून होते आणि मोजे घातल्यासारखी वर चढते. काही तंतू मुके होतात, तर काही अर्धवट बिघडलेले तंतू कारण नसताना आपोआप संदेश सोडतात. बधिरपणा आणि जळजळ एकाच पायात नांदतात ती अशी. जळजळीवर औषधं आहेत, पण जास्त घातक बधिरपणाच. ज्या मुलांमध्ये जन्मतःच वेदनेचा एक सोडियम-मार्ग काम करत नाही, ती जीभ चावून घेतात, मोडक्या हाडावर चालतात. वडिलांच्या पायाची तशीच अवस्था आहे.

रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात पाहा. त्यांना वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. घरातही अनवाणी चालणं बंद. चप्पल-बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा, दुमडलेलं अस्तर पाहा. नवा जोड पहिले काही दिवस एक-दोन तासच. पाय शेकणं, गरम पाण्यात बुडवणं नको; पाण्याचा अंदाज पायाने न घेता कोपराने किंवा तापमापकाने घ्या. घट्ट्यावर ब्लेड किंवा आम्लाची पट्टी लावू नका. वर्षातून एकदा तरी १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन धाग्याने तळव्याच्या संवेदनेची तपासणी करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. आणि फोड, लाली, ओल यांपैकी काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टरांना दाखवा, दुखत नसलं तरी.

प्रश्न : 'दहापैकी किती दुखतं' असं विचारतात तेव्हा काय सांगावं तेच कळत नाही.

उत्तर : तो आकडा इतरांशी तुलना करण्यासाठी नाही, तुमच्याच कालच्या आकड्याशी आहे. दोन आकडे सांगा : स्थिर असताना आणि हालचाल करताना. शस्त्रक्रियेनंतर दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण खोकता आलं नाही तर छातीत कफ साठतो. उपचारांनंतर साधारण दोन अंकांचा उतार पडला तर तो खरा फरक मानतात. शून्याची वाट पाहून चांगलं चाललेलं औषध बदलू नका.

आकड्याबरोबर दुखण्याची जात सांगा. ठणकतं, चावतं, आवळतं, जळतं, चमक मारते की करंट लागल्यासारखं होतं? जळणं, करंट आणि मुंग्या नसेकडे बोट दाखवतात, आणि त्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. कुठून कुठे पसरतं, कोणत्या वेळी झोपेतून उठवतं, कोणती गोळी किती मिलिग्रॅमची घेतली आणि आराम किती तास टिकला, कोणतं काम थांबलं, हे कागदावर लिहून न्या.

तीन-चार वर्षांच्या पुढची मुलं चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवून सांगू शकतात. त्याहून लहान मुलांचं आणि स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचं निरीक्षणच करावं लागतं : कपाळाच्या आठ्या, पोटाशी ओढलेले पाय, कूस बदलताना निघणारा आवाज, जेवणावरची वासना उडणं. नेहमी शांत असणारे आजोबा एकाएकी हात झटकू लागले, तर झोपेची गोळी मागण्याआधी दात, पोट, लघवी आणि पाठीवरचे व्रण तपासून घ्या.